राजधानी का हलली? गुलबर्गा आणि बीदर

१. एक राज्य, दोन राजधान्या

बहामनी राज्याची राजधानी नेमकी कोणती, गुलबर्गा की बीदर? शाळेतल्या इतिहासात आधी गुलबर्गा येते, पुढे अचानक बीदर येते, आणि मध्ये काय झाले ते कुणी सांगत नाही. उत्तर असे की दोन्ही. १३४७ पासून पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत गुलबर्गा, आणि तिथून पुढे राज्य मोडेपर्यंत बीदर. पण या उत्तरातून दुसरा, जास्त महत्त्वाचा प्रश्न निघतो. पाऊणशे वर्षे खपून उभारलेला किल्ला, मशीद, बाजार, पूर्वजांची थडगी हे सगळे मागे ठेवून एखादा राजा शंभर किलोमीटरवर नवे शहर का वसवतो?

घर बदलणे आणि राजधानी बदलणे यांत फरक आहे. राजधानी हलते तेव्हा राजाबरोबर खजिना हलतो, दप्तर हलते, फौजेचा तळ हलतो. सराफ, विणकर, पाथरवट, घोड्यांचे व्यापारी, सगळ्यांना बिऱ्हाड पाठीवर घ्यावे लागते. एवढा खटाटोप एकाच कारणासाठी सहसा होत नाही. बीदरच्या बाबतीतही कारणे अनेक होती: थोडे राजकारण, थोडा भूगोल, थोडे हवापाणी.

२. त्याआधीच्या राजधान्या

आज कर्नाटकाच्या ईशान्य टोकाला असलेले कलबुर्गी (म्हणजेच गुलबर्गा) आणि बीदर हे दोन जिल्हे नकाशावर कडेला पडल्यासारखे दिसतात. दख्खनच्या जुन्या नकाशात मात्र ते कडेला नव्हते, मध्यावर होते. पश्चिमेला मराठी, दक्षिणेला कानडी, पूर्वेला तेलुगू, आणि तिन्ही मुलखांतल्या वाटा इथे एकत्र येतात. उत्तरेकडून मांजरा वाहते, ती गोदावरीला मिळते. दक्षिणेकडून भीमा वाहते, ती कृष्णेला मिळते. दोन मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांमधली ही जमीन काळी, ज्वारी-तुरीची. फौज पोसायला धान्य आणि कर गोळा करायला वाटा, दोन्ही हाताशी.

म्हणूनच बहामनींच्या कितीतरी आधी या पट्ट्यात राजधान्या झाल्या. कलबुर्गी जिल्ह्यात कागिणा नदीकाठी मळखेड आहे. ते राष्ट्रकूटांचे मान्यखेट. वेरूळचे कैलास लेणे ज्या घराण्याने कोरवले, त्याच घराण्यातल्या पहिल्या अमोघवर्षाने नवव्या शतकात इथून राज्य केले. अरब व्यापारी आपल्या वृत्तांतांत जगातल्या चार मोठ्या राजांत या घराण्याच्या राजाची गणना करत. ९७२ मध्ये माळव्याच्या परमारांनी मान्यखेट लुटले आणि त्याचे वैभव संपले.

दुसरी राजधानी बीदर जिल्ह्यातले कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण. अकराव्या शतकात पहिल्या सोमेश्वराने चालुक्यांची गादी इथे आणली. हिंदू कायद्यात शतकानुशतके प्रमाण मानली गेलेली 'मिताक्षरा' विज्ञानेश्वराने याच दरबारात लिहिली. बाराव्या शतकात बसवण्णांनी शरणांची चळवळ उभी केली तीही याच गावात. मराठी वाचकासाठी कल्याणचे महत्त्व आणखी एका गोष्टीत आहे. तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या ११२९ च्या सुमाराच्या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी म्हणतात अशी नोंद आहे. ओवीचा इतका जुना लेखी दाखला कल्याणच्या राजवाड्यातून मिळावा, यावरून हा मुलूख मराठीला किती जवळचा होता ते कळते.

३. गुलबर्गा: दगडी सुरुवात

१३४७ मध्ये दौलताबादेच्या सरदारांनी दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाविरुद्ध बंड केले. त्यांतला हसन हा सरदार अलाउद्दीन हसन बहमनशाह या नावाने सुलतान झाला. राज्याभिषेक दौलताबादेत झाला, पण राजधानीसाठी त्याने गुलबर्गा निवडले. दौलताबादचा किल्ला अभेद्य होता हे खरे. तरी दिल्लीहून येणाऱ्या फौजेची पहिली धडक तिथेच बसणार होती. गुलबर्गा दक्षिणेला, दिल्लीपासून दूर. नव्या सत्तेला दाराशी झोपण्यापेक्षा माजघरात झोपणे बरे वाटले असावे.

गुलबर्ग्याचा किल्ला डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर आहे. डोंगराची उंची नसली की ती कमी दोन गोष्टींनी भरून काढावी लागते: जाड भिंत आणि पाण्याने भरलेला खंदक. इथे दुहेरी तट आहे, भोवती रुंद खंदक आहे, आणि आत बाला हिसार नावाची एक भक्कम, जवळजवळ खिडक्या नसलेली इमारत आहे. बाहेरचा तट पडला तरी शेवटचा आसरा तोच.

किल्ल्यातली जामा मशीद मात्र थांबून पाहावी अशी आहे. तिच्यावरच्या लेखात १३६७ हे वर्ष येते, आणि बांधणाऱ्याचे नाव येते: रफी, इराणातल्या कझवीनचा. मशिदीची नेहमीची रचना वाड्यासारखी असते, मधे मोकळा चौक आणि भोवती ओवऱ्या. गुलबर्ग्याच्या मशिदीला चौकच नाही. वाड्याच्या चौकावर छप्पर घालून सगळे घर एका छताखाली आणावे तसा हा प्रकार आहे. मधल्या भागावर लहान घुमटांच्या रांगा, चार कोपऱ्यांना चार मोठे घुमट आणि पश्चिमेला सगळ्यांत मोठा.

मग आत उजेड कुठून येतो? वरून नाही, बाजूंनी. कडेच्या ओवऱ्यांना फार रुंद आणि बुटक्या कमानी आहेत, त्यांतून प्रकाश खाली पसरत आत येतो. मशिदीची लांबी २१६ फूट आणि रुंदी १७६ फूट धरली, तर क्षेत्रफळ ३८,०१६ चौरस फूट होते. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे ३५ गुंठे. एकराला पाच गुंठे कमी एवढी जागा घुमटांखाली झाकलेली. असा प्रयोग भारतात क्वचितच पुन्हा झाला.

याच शहरात १४०० च्या सुमारास दिल्लीहून एक वयोवृद्ध सूफी आले, ख्वाजा बंदे नवाज गेसूदराज. त्यांचा दर्गा आजही कलबुर्गीतले सर्वांत गजबजलेले ठिकाण आहे. सुलतान फिरोजशाहने त्यांचे स्वागत केले, पण पुढे दोघांत बिनसले. गेसूदराजांचा ओढा सुलतानाचा भाऊ अहमद याच्याकडे होता. १४२२ मध्ये अहमद गादीवर बसला. त्याच वर्षी फिरोज वारला आणि गेसूदराजही वारले. शहराच्या पूर्वेला हफ्त गुंबज नावाचा थडग्यांचा समूह आहे, त्यात फिरोजशाहची दुहेरी घुमटांची कबर सर्वांत देखणी आहे.

४. मुक्काम का हलवला?

अहमदशाहने राजधानी बीदरला नेली. १४२४ पासून पुढच्या काही वर्षांत हे स्थलांतर टप्प्याटप्प्याने झाले असे मानतात. एक कथा सगळीकडे सांगितली जाते: सुलतान शिकारीला गेला असता बीदरजवळ एक कोल्हा शिकारी कुत्र्यांवर उलटला, आणि ज्या मातीत कोल्हाही इतका धीट तिथेच राजधानी हवी असे त्याने ठरवले. विजयनगर आणि गुजरातेतल्या अहमदाबादविषयीही जवळजवळ हीच कथा आहे, फक्त कोल्ह्याच्या जागी ससा. तीन राजधान्यांची कथा एकच असेल तर ती घडलेली हकिकत नसून, नव्या शहराला मान मिळवून देण्याची त्या काळची रीत आहे असे समजावे.

खरी कारणे जास्त साधी आहेत. पहिले, विजयनगरशी सततची लढाई. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधल्या रायचूर दुआबासाठी दोन्ही राज्ये पिढ्यानपिढ्या भांडत होती, आणि फिरोजशाहने अखेरच्या काळात या सीमेवर मोठा पराभव पाहिला होता. गुलबर्गा त्या सीमेच्या फार जवळ. दुसरे, अहमदशाहने पूर्वेला वरंगळ जिंकले. राज्य पूर्वेकडे पसरल्यावर मध्यबिंदूही सरकला. चादर एका बाजूला ओढली की तिची मधली घडी त्या बाजूला जाते, तसे. तिसरे, जुन्या राजधानीत भावाच्या बाजूचे सरदार होते. नव्या सुलतानाला नवी जागा सोयीची.

चौथे कारण हवा. गुलबर्गा समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, बीदर सुमारे ६७० मीटरवर. उंची हजार मीटरने वाढली की तापमान ढोबळमानाने साडेसहा अंशांनी उतरते. या हिशेबाने दोनशे मीटरला फरक पडतो सव्वा ते दीड अंशाचा. आकडा लहान दिसतो. पण पठाराच्या कडेला वारा मोकळा असतो आणि उन्हाळ्यातल्या रात्री लवकर निवतात. वैशाखात कलबुर्गीहून बीदरला आलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

५. जांभा, पाणी आणि कारेझ

बीदरचे पठार जांभ्या दगडाचे आहे. कोकणात घरे बांधतात तोच तांबडा, सच्छिद्र दगड, पण इथे घाटमाथ्यापासून शेकडो किलोमीटर आत. जांभ्याखाली काळा पाषाण आहे, जो पाणी जिरू देत नाही. परातीत ओली वाळू भरली तर पाणी वाळूतून उतरून परातीच्या तळाशी साचते. बीदरचे पठार म्हणजे अशी परात. पावसाचे पाणी जांभ्यातून खाली मुरते आणि काळ्या दगडावर येऊन थांबते. कडेला जिथे फट मिळेल तिथून झरा फुटतो. शहरातला गुरुनानक झिरा हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. गुरू नानकांच्या भेटीची परंपरा सांगणारे हे शिखांचे तीर्थस्थान आहे.

झऱ्याची वाट पाहण्यापेक्षा पाणी हवे तिथे आणायचे तर? त्यासाठी इराणात फार पूर्वीपासून एक युक्ती होती, कारेझ. उंच भागात पाणी लागेपर्यंत एक विहीर खणायची. तिच्या तळापासून अगदी थोड्या उताराचा बोगदा खणत न्यायचा. मध्ये मध्ये उभ्या विहिरी ठेवायच्या, म्हणजे माती वर काढता येते आणि आत हवा खेळते.

समजा, पहिली विहीर १५ मीटर खोल आहे. बोगद्याला दर हजार मीटरला एक मीटर उतार दिला, तर दोन किलोमीटरमध्ये तो २ मीटर खाली गेला. तेवढ्याच अंतरात वरची जमीन १७ मीटर उतरली असेल, तर बोगदा आणि जमीन यांच्यातले अंतर १५ वजा १५, म्हणजे शून्य. पाणी आपोआप उघड्यावर आले. मोट नाही, बैल नाहीत, आणि वाटेत ऊन न लागल्यामुळे वाफ होऊन जाणारेही फारसे नाही. बीदरला नौबादजवळच्या कारेझमध्ये अशा उभ्या विहिरींची लांबलचक ओळ आहे. गाळाने भरलेला हा बोगदा अलीकडच्या काळात उपसला गेला आणि पाणी पुन्हा दिसू लागले. इराणी कारागिरांचे ज्ञान आणि दख्खनचा दगड यांचे इतके उपयोगी लग्न दुसऱ्या कुठल्या इमारतीत दिसत नाही.

६. किल्ल्यात एक फेरी

बीदरचा किल्ला पठाराच्या उत्तर टोकाला आहे. उत्तर आणि पूर्व बाजूला कडा तुटलेला, त्यामुळे धोका शहराच्या बाजूने. तिथे जांभा कोरून तिहेरी खंदक केला आहे: मध्ये दगडाच्या दोन भिंती तशाच ठेवून तीन समांतर चर खणले. एक चर ओलांडून आलेला शत्रू लगेच दुसऱ्याच्या काठावर उघडा पडतो.

आत जाताना शर्झा दरवाजा लागतो. शर्झा म्हणजे वाघ, आणि दरवाजावर दोन वाघ कोरलेले आहेत. पुढे रंगीन महाल. त्याच्या काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे बसवलेले आहेत, इतके बारीक की दिव्याच्या उजेडात पाहिले तर वेली चमकतात. हे काम नंतरच्या बरीदशाही काळातले. सोळा खांबी मशीद मात्र अहमदशाहच्या काळाच्या सुरुवातीची, बीदरमधल्या सर्वांत जुन्या मुसलमानी इमारतींपैकी. तख्त महालाच्या कमानीवर रंगीत फरशांत वाघ आणि त्याच्या पाठीशी उगवता सूर्य आहे. ही खूण इराणची.

रशियातल्या त्वेर गावचा अफानासी निकितिन हा व्यापारी या वैभवाच्या ऐन काळात बीदरला आला. तो चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे घोडा घेऊन इथे पोचला. राजवाड्याच्या दारांवर पहारेकरी बसतात, आणि कोण आत गेले, कोण बाहेर आले हे लिहून घेणारे कारकूनही बसतात, असे तो सांगतो. सरदारांचा थाट आणि खेड्यातल्या रयतेची हलाखी, दोन्ही त्याच्या नजरेतून सुटले नाहीत.

७. महमूद गावान

१४५३ मध्ये इराणातल्या गिलान प्रांतातून महमूद गावान नावाचा व्यापारी बीदरला आला. पुढे तो राज्याचा मुख्य वजीर झाला. त्याने कोकणात मोहीम काढून खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, घेतला आणि १४७२ मध्ये गोवा घेतला.

त्याचे खरे काम कारभारातले. राज्य चार तर्फांत वाटलेले होते: गुलबर्गा, दौलताबाद, वऱ्हाड आणि बीदर. प्रत्येक तर्फेचा सुभेदार आपल्या मुलखातले सगळे किल्ले बाळगून असे. चार भावांच्या एकत्र कुटुंबात प्रत्येकाने आपल्या खोलीबरोबर कोठीच्या किल्ल्याही कमरेला लावल्या तर घर फार दिवस एक राहत नाही. गावानने चारांच्या आठ तर्फा केल्या आणि प्रत्येक सुभेदाराकडे एकच किल्ला ठेवला. बाकीच्या किल्ल्यांवर माणसे बीदरहून नेमली जाऊ लागली. जमिनीची मोजणीही त्याने सुरू केली. यामुळे दुखावलेले सरदार बरेच होते.

शहराच्या मध्यभागी त्याने १४७२ मध्ये मदरसा बांधला. तीन मजले, मधे चौक, विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या खोल्या, मोठा ग्रंथसंग्रह. लांबी २०५ फूट, रुंदी १८० फूट. गुंठ्यांत सुमारे ३४, म्हणजे गुलबर्ग्याच्या मशिदीएवढीच जागा, पण इथे ती अभ्यासासाठी. दर्शनी भिंतीवर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या फरशा होत्या. पुढे औरंगजेबाच्या काळात इथे दारूगोळा ठेवला गेला, १६९६ च्या सुमारास स्फोट झाला, आणि दर्शनी भागाचा निम्मा हिस्सा आणि एक मनोरा कोसळला. उरलेल्या मनोऱ्यावर फरशांचे पट्टे अजून शिल्लक आहेत. बीदरला एकच वास्तू पाहायची असेल तर ती हीच.

गावानच्या विरोधकांनी त्याच्या शिक्क्याच्या कोऱ्या कागदावर ओरिसाच्या राजाला लिहिलेले बनावट पत्र तयार केले. तिसऱ्या मुहम्मदशाहने नशेत त्याच्या वधाचा हुकूम दिला. ही गोष्ट एप्रिल १४८१ ची. वर्षभरात सुलतानही मेला, आणि राज्य सावरणारे कुणी उरले नाही.

८. बेदरचा बादशहा

मराठी घरांत बीदरचे नाव इतिहासाच्या पुस्तकातून आले नाही, दामाजीपंतांच्या कथेतून आले. महिपतीने 'भक्तविजया'त ती सांगितली आणि कीर्तनकारांनी घरोघरी नेली. दामाजी मंगळवेढ्याचे अधिकारी. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याची कोठारे लोकांना खुली केली. बेदरच्या, म्हणजे बीदरच्या, बादशहाने त्यांना पकडून आणायला माणसे पाठवली. तेवढ्यात विठ्ठल विठू महार होऊन बेदरला गेला, धान्याची किंमत भरली आणि पावती घेतली.

कथा भक्तीची आहे. पण राजधानी म्हणजे काय हे समजायला तिच्याइतके चांगले उदाहरण मिळणार नाही. मंगळवेढ्याला कर धान्यात गोळा होई आणि कोठारात राही. त्यावर हक्क राजधानीचा. अधिकाऱ्याने दाणा दिला तरी हिशेब बेदरला द्यावा लागे, आणि हिशेब मिटला की पावती तिथूनच मिळे. तट आणि महाल प्रवाशाला दिसतात. रयतेला राजधानी भेटे ती वसुलीतून आणि पावतीतून.

९. पाच तुकडे

गावाननंतर सुभेदार एकेक करून मोकळे झाले. १४९० च्या आसपास अहमदनगरला निजामशाही, विजापूरला आदिलशाही, वऱ्हाडात इमादशाही उभी राहिली; नंतर गोवळकोंड्याला कुतुबशाही. बीदरमध्ये सुलतान नावाला राहिला आणि सत्ता कासिम बरीदच्या घराण्याकडे गेली, ती बरीदशाही. मालोजी आणि शहाजी ज्या निजामशाहीत वाढले, शिवाजी महाराजांनी ज्या आदिलशाहीशी झुंज दिली, त्या दोन्ही बीदरच्या पडझडीतून निघालेल्या आहेत.

१६१९ मध्ये विजापूरने बीदर घेतले आणि १६५७ मध्ये औरंगजेबाने. त्यानंतर बीदर कधी राजधानी झाले नाही.

१०. आज काय दिसते

बीदरच्या पूर्वेला अष्टूर गावी बहामनी सुलतानांच्या कबरी ओळीने आहेत. हुमायूनशाहच्या कबरीवर वीज पडून घुमट अर्धा उघडा पडला आहे, आणि त्यामुळे घुमट आतून कसा बांधतात हे भर उन्हात पाहायला मिळते. अहमदशाहच्या कबरीत छतापर्यंत सोनेरी आणि लाल रंगात चित्रकाम आहे. त्याला लोक वली म्हणतात. लिंगायत भाविकांच्या श्रद्धेने तो अल्लमप्रभूंचे रूप, म्हणून त्याच्या उरुसाला जंगमही येतात, शंख फुंकतात, नारळ फोडतात. सुलतानाच्या कबरीवर दोन्ही धर्मांची माणसे आपापल्या रीतीने नमस्कार करतात, हे बीदरचे सर्वांत मौल्यवान लेणे आहे.

गल्ल्यांमध्ये बिद्री काम चालू आहे. जस्त सोळा भाग आणि तांबे एक भाग असे मिश्रण ओततात. १,७०० ग्रॅमच्या सुरईत जस्त १,६०० ग्रॅम आणि तांबे १०० ग्रॅम. पृष्ठभागावर नक्षी कोरून तीत चांदीची तार ठोकतात. मग किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर पाण्यात कालवून भांडे त्यात बुडवतात. जस्त काळे पडते, चांदीला काहीच होत नाही.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्ये झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले: उदगीर, अहमदपूर आणि निलंगा आताच्या महाराष्ट्रात आले, झहिराबाद आणि नारायणखेड तेलुगू राज्यात गेले, बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद कानडी राज्यात राहिले. औराद-भालकीच्या बाजारात मराठी अजून सर्रास ऐकू येते. गुलबर्ग्याचे अधिकृत नाव २०१४ मध्ये कलबुर्गी झाले. २९ ऑक्टोबर २०१७ ला हुमनाबादवरून जाणारा, सुमारे ११० किलोमीटरचा बीदर-कलबुर्गी लोहमार्ग सुरू झाला, आणि अहमदशाहचा दरबार ज्या अंतरावरून बिऱ्हाड घेऊन आला ते अंतर आता गाडीत बसून काही तासांत पार होते.